दोन वेळा की सतरा वेळा

१९८९ साली कॅनडातल्या टोरांटोत ७ पुरुष दोन आठवडे रोज १७ वेळा खात होते. पैज नव्हती, लग्नघरही नव्हतं. डेव्हिड जेन्किन्स नावाच्या संशोधकाचा तो रीतसर प्रयोग होता. दुसऱ्या दोन आठवड्यांत त्याच सातजणांनी तेवढंच अन्न नेहमीसारखं तीन जेवणांत खाल्लं. दोन्हींची तुलना केली तेव्हा १७ वेळा खाण्याच्या काळात त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल १३.५ टक्क्यांनी आणि रक्तातलं इन्सुलिन जवळजवळ २८ टक्क्यांनी कमी भरलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ते छापलं. झोपेचे तास वगळले तर १७ वेळा म्हणजे तासाला एकदाहून जास्तच. त्या पंधरवड्यात या मंडळींनी दुसरं काही काम केलं असेल असं वाटत नाही. सतराव्या वेळची बशी कोणी विसळली, असल्या गोष्टी शोधनिबंधात लिहीत नाहीत.

हे सातजण पुण्यात, आमच्या टेकडीच्या पायथ्याच्या कट्ट्यावर पोचायला तीसेक वर्षं लागली. पोचले ते मात्र थेट भांडणातच.

कट्टा म्हणजे सकाळी टेकडी चढून आलेल्यांचा घाम वाळेपर्यंतचा मुक्काम. इथे नवा माणूस आला की गाव आणि आडनावानंतर तिसरी चौकशी मधुमेहाच्या तपासणीतल्या एचबीएवनसीची होते. तीही नाव न घेता. ‘तुमचं किती?’ एवढं पुरतं. समोरचाही पगार सांगितल्यासारखं थोडं कमी करून सांगतो. कोणी मेथी भिजवतं, कोणी जांभळाच्या बियांची पूड खातं, कोणी गुळवेलीचा काढा पितं, आणि यातलं बरंचसं घरच्या डॉक्टरला सांगायचं नाही याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. मतभेद सुरू होतात ते ‘संशोधन काय सांगतं’ इथून.

मोठी फाळणी झाली ती २०१८च्या आसपास. त्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांना महाराष्ट्रभर सभागृहं भरत होती. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. पदव्यांचा डोंगर रचलेला तो माणूस २००४ साली अपघातात गेला. त्यांचं म्हणणं दीक्षितांनी आधी स्वतःवर करून पाहिलं आणि मग घराघरात पोचवलं. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. करीना कपूरच्या आहारतज्ज्ञ म्हणून त्या घराघरात माहीत होत्या, आणि २००९च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकातला एक मुख्य नियम होता, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. शिवाय तूप खा, भात खा, आजीच्या हातचं खा. दोघांचीही नावं मी आदरानेच घेतो, कारण कट्ट्यावर दोघांचीही माणसं आहेत आणि मला रोज टेकडी चढायची असते.

तर कट्ट्याचे दोन भाग झाले. डावीकडे पंचावन्नवाले, उजवीकडे दोनतासवाले. पंचावन्नवाल्यांचे पुढारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका. जेवायला बसताना ते मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवतात, आणि काकू सांगतात की पन्नासाव्या मिनिटाला त्यांचा आवाज बदलतो. दोनतासवाल्यांच्या वतीने एक वहिनी बोलतात. त्यांच्या पर्समध्ये डब्यांची उतरंड असते. शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. टेकडी चढताना वरच्या वळणावर त्या थांबतात आणि एक डबा उघडतात. काका तेवढ्यात तोंड फिरवून दरीकडे बघतात.

दोघांकडेही संशोधन आहे. हे मला फार लोभस वाटतं. आमच्या आजोबांच्या पिढीत अशा वादात ‘शास्त्रात सांगितलंय’ म्हटलं की काम भागायचं, कोणत्या शास्त्रात हे विचारायची रीत नव्हती. आता ‘लॅन्सेटमध्ये आलंय’ म्हणतात. कोणत्या अंकात, हे अजूनही विचारत नाहीत. निबंध कोणी वाचलेला नसतो. कोणीतरी शेवटच्या परिच्छेदाचा फोटो पाठवलेला असतो, त्यात एका ओळीवर पिवळा रंग असतो, आणि ती ओळ ‘तथापि’ने सुरू होणाऱ्या वाक्याच्या बरोबर आधी संपते.

एकदा काका प्राग घेऊन आले. २०१४ साली हाना काहलेओव्हा आणि सहकाऱ्यांनी प्रागमध्ये टाइप टू मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर प्रयोग केला होता. १२ आठवडे दिवसातून दोनदा मोठं जेवण, १२ आठवडे तेवढंच अन्न सहा वेळांत वाटून. दोनदा जेवण्याच्या काळात वजन सरासरी ३.७ किलोंनी उतरलं, सहा वेळा खाण्याच्या काळात २.३ किलोंनी. काकांनी आकडे दोनदा वाचून दाखवले. डाव्या बाजूला टाळ्या पडल्या. वहिनींनी शांतपणे एक शेंगदाणा तोंडात टाकला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “द्या बघू इकडे.”

त्यांनी वाचलं ते असं. त्या प्रयोगातली दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. दुपारी चारनंतर काही नाही.

“म्हणजे रात्री?” डावीकडून कोणीतरी विचारलं.

“रात्री पाणी.”

पंचावन्नवाल्यांमध्ये शांतता पसरली. त्यांची दोन जेवणं दुपारी एकचं आणि रात्री साडेआठचं. रात्रीचं जेवायचं नाही तर माणसाने संध्याकाळी घरी जायचं कशाला, असा एक मूलभूत प्रश्न त्यातल्या एकाने मांडला, आणि प्रागला त्याचं उत्तर नव्हतं. तेव्हाच वहिनींनी टोरांटोचे सातजण बाहेर काढले. काकांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, “सात? अहो वहिनी, आमच्याकडे गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात.” हा मुद्दा संख्याशास्त्रीयदृष्ट्या पक्का होता. ५४ हाही काही जत्रेचा आकडा नव्हे, पण ते बोलायची वेळ निघून गेली होती.

खरी गोम ५५ या आकड्यात आहे. पंचावन्नवाल्यांची समजूत अशी की आपण तोंडात घास टाकला की स्वादुपिंड इन्सुलिनचं एक माप सोडतं, ते ५५ मिनिटं पुरतं, आणि छप्पन्नाव्या मिनिटाला घास टाकलात तर दुसरं माप सुटतं. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत असं घड्याळ नाही. ती सांगतात की रक्तातली साखर वाढली की पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा एक झोत येतो आणि मग साखर चढलेली असेपर्यंत ते सावकाश येत राहतं, जितकी साखर तितकं. स्वादुपिंडाला वेळ कळत नाही, साखर कळते. हे मी एकदा काकांना चाचरत सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “असेल. पण माझं वजन अकरा किलो उतरलंय, ते काय पुस्तक बघून उतरलं?”

आणि इथे मी नेहमी गप्प होतो, कारण वजन खरंच उतरलं होतं. त्यांची जुनी पँट मी पाहिली आहे. पूर्वी त्यांच्या दिवसात साखरेचे चार चहा, प्रत्येक चहाबरोबर दोन बिस्किटं, पाच वाजता फरसाण आणि रात्री मालिका बघताना ‘जरासं काहीतरी’ असायचं. दोन जेवणांच्या मधलं सगळं बंद केल्यावर आणि रोज साडेचार किलोमीटर चालल्यावर वजन उतरलं नसतं तरच शोधनिबंध लिहावा लागला असता. वहिनींचंही तसंच. दर दोन तासांनी मूठभर दाणे खाणारी बाई लग्नाच्या पंगतीत जिलबीवर तुटून पडत नाही. सांगितलेलं कारण एक आणि गुण येतो दुसऱ्याच वाटेने, असं औषधांच्या इतिहासात कैकदा झालंय. १८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात खाण्याचे वांधे झाले, आणि बुशार्दा नावाच्या फ्रेंच वैद्याच्या लक्षात आलं की आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी होतेय. तिथे घड्याळही नव्हतं आणि राजगिऱ्याचा लाडूही. फक्त अन्न नव्हतं. हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यावर हक्क सांगितला, आणि एका आजोबांनी ‘म्हणजे रेशनच्या काळात आपण निरोगी होतो ते यामुळेच’ असा निष्कर्ष काढून विषय १९७२च्या दुष्काळावर नेला.

कट्ट्यावर एकच संशोधन सर्वमान्य आहे, आणि ते पुण्याचं आहे म्हणून. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. उंचीशी वजनाचं प्रमाण दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे दिसायला काटकुळा भारतीय माणूस आतून चांगला गुबगुबीत असू शकतो. हे ऐकल्यापासून आमच्याकडचे एक सडपातळ निवृत्त मास्तर फार खूश आहेत. त्यांची साखर वर्षानुवर्षं अडीचशेच्या घरात आणि शेजारच्या भरभक्कम कंत्राटदाराची शंभर, हा अन्याय त्यांना कोणी समजावून दिला नव्हता. आता ते तो फोटो पाकिटात बाळगतात. बायकोला दाखवतात.

परदेशी निबंधावर मात्र दोन्ही पक्षांची हरकत ठरलेली. तो आपल्या बाजूचा नसेल तर ‘हे सगळं औषध कंपन्यांचं’. आणि आपल्या बाजूचा असेल तर ‘बघा, आता तिकडचे लोकसुद्धा मानायला लागले’. या दोन वाक्यांच्या मध्ये मावणार नाही असा निबंध मी अजून पाहिलेला नाही. कारल्याचा रस पिणाऱ्या एक काकू यात सर्वात निष्ठावान. कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली कारल्यावरचे चार प्रयोग, एकूण ४७९ माणसं, एकत्र तपासली आणि साखर कमी होते असं ठरवण्याइतका पुरावा सापडला नाही असं सांगितलं. काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “कारलं कोणी आणलं होतं?” मी म्हटलं, ते माहीत नाही. “मग?” असं म्हणून त्यांनी ग्लास तोंडाला लावला. मंडईतून स्वतः निवडून न आणलेल्या कारल्यावर त्या मत देत नाहीत.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण नेहमी नाही. एका सकाळी वरच्या वळणावर पंचावन्नवाल्यांपैकी एक गृहस्थ मटकन खाली बसले. घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं तुटक. रात्री कमी जेवले होते, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र सवयीने घेतली होती, आणि वर टेकडी. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही याची चौकशी न करता स्वादुपिंडाला कामाला लावते. साखर घसरली होती. वहिनींचे डबे त्या दिवशी नेमके घरी राहिले होते. तेव्हा आमच्या काकांनी, घड्याळवाल्या काकांनी, खिशातून गुळाचा खडा काढला आणि त्या गृहस्थांच्या तोंडात घातला. गुळाचा खडा काकांच्या खिशात का होता, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. नंतरही कोणी विचारलेलं नाही, एवढी सभ्यता कट्ट्यावर आहे. गृहस्थ दहा-पंधरा मिनिटांत सावरले, आणि त्या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरने गोळी निम्मी केली. जेवणाच्या वेळा बदलायच्या तर गोळ्यांचा हिशेब आधी डॉक्टरशी बसवायचा, ही एक गोष्ट मी कट्ट्यावर आवाज चढवून सांगतो. दुसरी गोष्ट इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलांची. टाइप वनच्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे तिथे दोनदा, सहादा, कारलं, काढा या वादाला जागाच नाही. १९२२च्या जानेवारीत टोरांटोतच १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना काही दिवस जास्त मिळावेत म्हणून डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवत. ‘अमक्याच्या नातवाचं इन्सुलिन सुटलं म्हणे’ असं कोणी म्हणालं की माझा विनोद संपतो.

पण मला सर्वात विचारात पाडलं ते या कोणीच नाही, एका ताईंनी. पोस्टातून निवृत्त झालेल्या, अतिशय टापटीप. त्यांनी पंचावन्नचा नेम तीन महिने काटेकोर पाळला. वहीत वेळ लिहून ठेवायच्या. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तो आधीपेक्षा जरा वाढूनच. त्यांनी तो कट्ट्यावर आणला, काही लपवलं नाही. आणि मग जे झालं ते मी बघत होतो. प्रागच्या ५४ जणांवर तासभर वाद घालणारी माणसं त्यांच्या एका कागदाने अस्वस्थ झाली. “मध्ये काही खाल्लं असेल, आठवून बघा.” “लॅब कुठली?” “ताकात साखर?” “मनापासून केलं होतं ना?” या शेवटच्या प्रश्नावर ताईंनी वही मिटली. वहिनींना ही संधी वाटली. त्यांनी ताईंना आपल्या बाजूला बोलावलं, दोन महिने दर दोन तासांनी खायला लावलं, आणि साखर तिथेही हलली नाही तेव्हा तिकडून वेगळ्या शब्दांत तेच प्रश्न आले. ताई हळूहळू यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, रुसवा नाही. आधी उशिरा यायच्या, मग आठवड्यातून एकदा, मग दुसऱ्या बाजूने टेकडी चढायला लागल्या.

परक्या देशातला उलटा निबंध आमच्या कट्ट्याला पचतो. त्यावर हसता येतं, त्यात खोट काढता येते, कंपनीचा पैसा शोधता येतो. शेजारी बसलेल्या बाईचा उलटा रिपोर्ट पचत नाही. तिच्यात कंपनीचा पैसा नसतो, म्हणून मग तिच्यातच खोट शोधावी लागते.

हे आम्हाला नीट समजावलं ते संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी. एरवी ते कोणत्याच बाजूला बसत नाहीत, कारण त्यांना मधुमेह नाही आणि त्याबद्दल त्यांना थोडं ओशाळल्यासारखं होतं. काका एकदा म्हणाले, “आपल्या गटात शंभर टक्के लोकांना गुण आहे. हात वर करा.” सगळे हात वर झाले. सर म्हणाले, “बरोबर आहे. ज्यांना गुण आला नाही ते हात वर करायला इथे नाहीत.” मग त्यांनी स्कॉटलंड आणि इंग्लंडमधला एक प्रयोग सांगितला. २०१८ सालचा, मायकेल लीन आणि रॉय टेलर यांचा. रोज जेमतेम साडेआठशे कॅलरी देणारं पातळ अन्न काही महिने, मग हळूहळू साधं जेवण. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय ताब्यात आली, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात फक्त ४ टक्क्यांची. “आता गंमत बघा,” सर म्हणाले, “यात मध्येच कंटाळून सोडून गेलेलेही धरलेत. छेदात पहिल्या दिवशीची सगळी माणसं आहेत. आणि तरी ४६. आपले शंभर हे उरलेल्यांचे शंभर आहेत. आपण दरवर्षी चार माणसं घालवायची आणि आपला निकाल सुधारत न्यायचा.”

कट्टा थोडा वेळ गप्प बसला. मग कोणीतरी म्हणालं, आपणच का करू नये प्रयोग? कल्पनेला दोन्ही बाजूंनी जोरदार पाठिंबा मिळाला, कारण दोन्ही बाजूंना निकाल माहीत होता. सरांनी वही काढली. चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडायचे. एक पंचावन्नचा, एक दोन तासांचा आणि एक तुलनेचा. तुलनेच्या गटाने काय करायचं, असा प्रश्न आला. सर म्हणाले, काही नाही, पूर्वी जसं खात होतात तसंच खायचं, मिसळ, जिलबी, जे असेल ते, फक्त लिहून ठेवायचं. हे ऐकल्यावर चिठ्ठ्या टाकायची गरज उरली नाही, कारण काका आणि वहिनी धरून सगळ्यांनी त्याच गटासाठी नाव दिलं.

त्यातून कसाबसा मार्ग निघाला. मग श्रावणाचे उपास मोजायचे की नाही यावर तीन दिवस गेले. साबुदाण्याची खिचडी ही एक खाण्याची वेळ की उपास, याचा निर्णय कोणत्याही परदेशी जर्नलमध्ये मिळेना. गणपतीत प्रयोग शक्य नव्हता, नवरात्रात दोनतासवाले अर्धे नऊ दिवस उपाशी, दिवाळीचं बोलायलाच नको. शेवटी प्रयोग मार्गशीर्षात सुरू करायचं ठरलं, गुरुवार सोडून.

सरांची एक अट होती. छेद पुरा हवा. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांनाही बोलवायचं, पहिला फोन पोस्टातल्या ताईंना. फोन कोणी करायचा यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी वहिनींनी केला, स्पीकरवर ठेवून, काका शेजारी. ताईंचा आवाज एकदम प्रसन्न होता. त्यांना कोणावर राग नव्हता. तब्येत छान आहे म्हणाल्या, साखर आहे तशीच आहे, पण मन लागतं. टेकडीच्या पलीकडच्या बागेत एक नवा गट सुरू झालाय, तिथे सकाळी गव्हांकुराचा रस देतात. मंडळी फार चांगली आहेत.

“आणि ताई, तिथे गुण कितीजणांना आहे?” काकांनी मान पुढे करून विचारलं.

“अहो, सगळ्यांनाच,” ताई म्हणाल्या. “कालच हात वर करायला सांगितले होते.”